डॉक्टरसाहेबांचं पटिंग

रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यात कोणी विचारलं, "अंजली, सध्या काय करून राहिली?" तर मी "खेळ शिकवते" एवढंच सांगते. गोल्फ म्हटलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या जुन्या स्कूटीकडे, आणि मग विचारतो, "म्हणजे तिथे तुम्ही नेमकं काय करता?" माझी आत्या तर आजही सगळ्यांना सांगते की आमची पोट्टी हॉकी शिकवते. तिचं अगदीच चूक नाही. वडील वर्ध्याहून रेल्वेच्या नोकरीत इथे आले आणि मी रेल्वे कॉलनीच्या मैदानावर हॉकी खेळत मोठी झाले. गुडघा गेला, हॉकी सुटली. मग एका कारखान्याच्या टाउनशिपमध्ये क्रीडाशिक्षिकेची नोकरी लागली. तिथे नऊ होलचं एक छोटं गोल्फचं मैदान होतं. वाकून काठीने चेंडू मारायची सवय अंगात होतीच. बाकीचं शिकले, परीक्षा दिल्या, आणि आता बरीच वर्षं झाली, नवा रायपूरच्या बाजूला शनिवार-रविवार सकाळी मोठ्या माणसांना गोल्फ शिकवते. केस पिकले तरी पोट्टीच आहे, निदान आत्यासाठी.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल काही लिहा असा निरोप आला तेव्हा मी टाळाटाळ केली. सांगावी अशी गोष्ट एकच होती, आणि ती माझी एकटीची नव्हती. शेवटी ज्यांची होती त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिही. नाव बदल. आणि माझं पटिंग आधी चांगलं होतं, हे ठळक लिही."

तर पटिंग म्हणजे काय, इथपासून सांगते.

गोल्फमध्ये एक लहानसा कडक बॉल मारत मारत दूरच्या एका खळग्यात घालायचा असतो. त्या खळग्याला होल म्हणतात, आणि तिथवरच्या सगळ्या पट्ट्यालाही होलच म्हणतात. पहिला फटका जिथून मारायचा ती जागा म्हणजे टी. शेवटी खळग्याभोवती सतरंजीसारखं बारीक कापलेलं गवत असतं, ते ग्रीन. ग्रीनवर पोचल्यावर बॉल उडवायचा नाही, पटर नावाच्या चपट्या तोंडाच्या काठीने हलकेच घरंगळवायचा. त्या हलक्या फटक्याला पट म्हणतात. जितके कमी फटके तितका खेळ चांगला. मोठ्या मैदानावर असे अठरा होल असतात आणि चालत खेळलं तर अख्खी सकाळ जाते. आमच्या शनिवार-रविवारच्या खेळात अंपायर नसतो. आपले फटके आपण मोजायचे आणि खरे सांगायचे. हा भाग काहींना सगळ्यात अवघड जातो.

माझे विद्यार्थी म्हणजे मंत्रालयातले अधिकारी, वकील, डॉक्टर, व्यापारी. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच हवं असतं, बॉल लांब गेला पाहिजे. मी त्यांच्या हातात पटर देते. त्यांची तोंडं उतरतात. पण लांबचा फटका महिन्यातून एखादा मनासारखा बसतो, आणि पट मात्र प्रत्येक होलवर मारावाच लागतो. ज्याला खेळ सुधारायचा आहे त्याने घरी चटईवर रोज थोडा वेळ पट मारावेत, एवढं जरी माझ्या विद्यार्थ्यांनी ऐकलं असतं तरी माझं अर्धं काम झालं असतं. फारसं कोणी ऐकत नाही.

मैदान निवडण्याचंही तसंच. चंदूभैया म्हणून माझे एक विद्यार्थी आहेत, गुढियारीत किराण्याचा ठोक धंदा आहे त्यांचा. पहिल्याच दिवशी पांढरेशुभ्र कपडे, नवे बूट, काठ्यांचा नवा कोरा सेट घेऊन आले आणि म्हणाले, "दीदी, अपने को छोटा-मोटा ग्राउंड नहीं चाहिए. बड़े वाले पे खेलेंगे, और सबसे पीछे से." प्रत्येक होलला तीन-चार टी असतात. सगळ्यात मागची टी तरबेज खेळाडूंसाठी असते. चंदूभैयांचे बॉल तळ्यात जायचे. रविवारी दुपारी डोकं धरून दुकानात जायचे आणि माणसांवर ओरडायचे. हे त्यांनीच मला सांगितलं. मग मी त्यांना माझ्या जुन्या टाउनशिपच्या नऊ होलच्या मैदानावर नेलं. सपाट जमीन, कडुनिंबाची सावली, पाणी कुठेच नाही. तिथे एका होलवर त्यांनी ठरलेल्या फटक्यांत बॉल खळग्यात घातला आणि खळग्यात वाकून बघत राहिले.

"दीदी, ये तो मज़ेदार चीज़ है."

"हव," मी म्हटलं.

तेव्हापासून मी नव्या माणसाला मैदानाचं नाव विचारत नाही. तिथून घरी जाताना मूड कसा असतो ते विचारते. चालवेल एवढं अंतर हवं, सावली हवी, आणि आपल्या रायपूरच्या उन्हात सकाळी लवकर सुरुवात करता यायला हवी. बाकी झेंडे आणि क्लबहाउस सगळीकडे सारखेच.

डॉक्टरसाहेब आले तेव्हा त्यांना यातलं काहीच सांगावं लागलं नाही. त्यांना आपण डॉ. मोहरीर म्हणू. डोळ्यांचे सर्जन, स्वतःचं हॉस्पिटल, साठीच्या आसपासचे, रायपुरातल्या जुन्या मराठी घराण्यातले. माझ्या आईचे दोन्ही मोतीबिंदू त्यांनीच काढले होते. गोल्फ का शिकायचं, असं मी सगळ्यांनाच विचारते. कोणी ओळखी वाढतात म्हणतं, कोणी पोट कमी करायचं म्हणतं. ते म्हणाले, "आठवडाभर मायक्रोस्कोपमध्ये बघतो. रविवारी तरी दूरचं काही बघावं म्हटलं."

त्यांचे लांबचे फटके साधारणच होते. पण पहिल्यांदा त्यांच्या हातात पटर दिला तेव्हा मी बोलायची थांबले. हात कुठून सुरू झाला आणि कुठे थांबला ते कळत नव्हतं. घड्याळाचा लंबक जसा जातो-येतो तसा पटर जायचा-यायचा, प्रत्येक वेळी सारख्याच वेगाने. बॉल खळग्याच्या कडेशी पोचायचा आणि आत पडायचा. वर्षभरात त्यांचं पटिंग माझ्याहून सरस झालं. दुसऱ्या ग्रुपमधले लोक आपला खेळ थांबवून बघायचे. हे ठळक लिहायचं होतं, लिहिलं.

चंदूभैया आणि ते जोडीने खेळायला लागले. एक सारखा बोलणारा, दुसरा गप्प. मी बऱ्याच रविवारी त्यांच्याबरोबर चालत शिकवायची. चंदूभैयांच्या मुलीचं लग्न, जावयाची नोकरी, गुढियारीतली ट्रकची कोंडी, हे सगळं आम्ही अठरा होलभर ऐकायचो. डॉक्टरसाहेब मधूनच "अच्छा" म्हणायचे.

मग एका थंडीत, हातभर अंतराचा एक पट त्यांचा चुकला.

"क्या डॉक्टर साब, आज चाय नहीं पी?" चंदूभैयांनी विचारलं. डॉक्टरसाहेबही हसले. पुढच्या रविवारी पुन्हा चुकले, आणि एकदाच नाही. तेव्हा मी खेळ सोडून त्यांचा हात बघायला लागले. पटर बॉलला लागायच्या अगदी आधी उजवं मनगट उडत होतं, मागून कोणी कोपराला धक्का द्यावा तसं.

गोल्फमध्ये याला यिप्स म्हणतात. भल्याभल्या खेळाडूंना होतं. वर्षानुवर्षं सहज होणारी गोष्ट हात अचानक करेनासा होतो. हे मनाचं आहे की नसांचं, यावर कोणाचं एकमत नाही. आम्ही कोच मंडळी हा शब्द विद्यार्थ्यासमोर शक्यतो उच्चारत नाही, कारण ऐकल्यावर ते वाढतं असा आमचा समज आहे. मी न बोलता उपाय सुरू केले. पकड बदलली, डावा हात खाली घेतला, जाड मुठीचा पटर दिला. बॉलकडे न बघता खळग्याकडे बघून मारायला सांगितलं. प्रत्येक उपाय एखाद-दुसरा रविवार चालायचा आणि मनगट पुन्हा उडायचं.

चंदूभैयांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी चेष्टा बंद केली. आपसांतल्या खेळात अगदी जवळचा पट समोरचा माफ करू शकतो, मारावा लागत नाही. तसं ते म्हणायला लागले, "दिया, डॉक्टर साब, उठा लो."

"नहीं चंदू. डालने दो."

आणि तो पट चुकायचा. चंदूभैया तेवढ्या वेळ तळ्याकडे बघत उभे राहायचे.

असंच एकदा खेळ संपल्यावर चंदूभैया चहा सांगायला पुढे गेले आणि डॉक्टरसाहेब सरावाच्या ग्रीनवर थांबले. मलाही थांबायला सांगितलं.

"हे यिप्स आहे ना?"

कुठेतरी वाचलं असणार. "वाटते तसंच," मी म्हटलं.

"असे लोक तू पाहिले आहेत?"

"हव, काही पाहिलेत."

"खेळाच्या बाहेर ते ठीक होते?"

"अगदी ठीक. जेवताना, सही करताना, काहीच नाही. पटर हातात आला की मगच."

ते आपल्या हाताकडे बघत होते. "टेबलवर माझा हात अजून एकदाही हलला नाही. पण मी आता तो हलायची वाट पाहून राहिलो, अंजली. हे काही बरं नाही."

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, यातलं मले काय कळते? तुम्ही नसांच्या डॉक्टरला दाखवा."

"नागपूरला दाखवतो आहे. इथे कोणाच्या वेटिंग रूममध्ये बसलो तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल. त्यांची वेळ मिळाली आहे, पण पुढच्या महिन्यातली. तोवर माझी ऑपरेशनं ठरलेली आहेत."

"मग ती पुढे ढकला."

"काहून? पट चुकला म्हणून?" ते चिडून बोलले नाहीत, खरंच विचारत होते. "लोक खेड्यांतून येतात. शेतीची कामं बघून, मुलांच्या सुट्ट्या बघून दिवस ठरवलेला असतो. खेळातल्या चुकीवरून त्यांना परत पाठवू?"

मी ग्रीनवरचे बॉल गोळा करायला लागले.

"एक काम कर. माझा खेळ बघू नको, हात बघ. तो हलला, आणि खेळामुळे नाही हलला असं तुले वाटलं, तर मले सांग."

"मीच काहून पण?"

"घरी माझ्या हाताकडे कोणी बघत नाही. थिएटरमध्ये जे बघतात, ते माझ्या पगारावर आहेत."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही.

यिप्सची एक खूण आम्हाला माहीत असते. समोरचा बॉल काढून घेतला की हात सुधारतो. बॉल नसताना हवेत मारलेला पट अगदी गुळगुळीत जातो, बॉल ठेवला की मनगट उडतं. म्हणून त्या दिवसापासून खेळाआधी मी त्यांना सरावाच्या ग्रीनवर न्यायची आणि बॉल न ठेवता पटर फिरवायला लावायची. हात लंबकासारखा जायचा-यायचा. मग बॉल ठेवायची. मनगट उडायचं.

"म्हणजे खेळाचंच आहे," ते म्हणायचे.

"खेळाचंच."

आम्ही दोघंही मोकळा श्वास घ्यायचो. आपला खेळ बिघडलाय हे ऐकून खूश होणारा तेवढा एकच विद्यार्थी मला भेटला.

मधल्या वारी मात्र मला ते चैन पडू देत नव्हतं. त्यांच्या हॉस्पिटलवरून स्कूटीने जाताना डोळ्यावर पट्टी लावलेले म्हातारे पायऱ्यांवर बसलेले दिसायचे, शेजारी टिफिन घेतलेली सून नाहीतर मुलगा. पूर्वी मी त्यांच्याकडे बघितलंही नसतं. त्यात आमच्या शेजारच्या कमलाकाकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांच्याकडेच ठरलं. काकू एका सकाळी ओट्यावर भाजी निवडत बसल्या होत्या. मला हाक मारून म्हणाल्या, "मोहरीर डॉक्टर तुह्या ओळखीचे आहेत नं? हात चांगला आहे म्हणते सगळे."

"चांगला आहे, काकू."

"मग मले भेव नाही."

त्या आठवड्यापुरतं माझं बोलणं खरंच होतं.

त्यानंतरचा रविवार ढगाळ होता. तळ्यावर धुकं होतं. चंदूभैया पहिल्या टीवर कमरेचे व्यायाम करत होते. मी आणि डॉक्टरसाहेब सरावाच्या ग्रीनवर होतो. मी त्यांना खळग्याकडे बघत पटर फिरवायला सांगितलं आणि स्वतः समोर उकिडवी बसले. बॉल नव्हता. हात सरळ गेला, सरळ आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. मग पुढे येता येता मनगट उडालं.

अगदी तसंच. तोच झटका, तीच जागा.

त्यांची नजर खळग्यावर होती. त्यांना कळलं नसावं. त्यांनी पुन्हा पटर फिरवला, तो सरळ गेला. पुन्हा एकदा, तोही सरळ.

तिकडून चंदूभैयांनी विचारलं, "चलें क्या?"

मला अजूनही आठवतं, मी गवताकडे बघत होते. एकदाच झालं होतं. माझ्या बघण्यात चूक असू शकत होती. नागपूरची वेळ काही फार लांब नव्हती. काही न बोलता उठून चालायला लागले असते तर कोणालाच काही कळलं नसतं. पण ते ऑपरेशन करत असताना मी माझ्या घरी असणार होते, आणि दिवसभर मला हेच आठवत राहणार होतं. आणि त्यांनी मला एवढी एकच गोष्ट मागितली होती.

"डॉक्टरसाहेब," मी म्हटलं, "आत्ता बॉल नव्हता."

काय म्हणतेस, असं त्यांनी विचारलं नाही. पटर तसाच धरून उभे राहिले.

"पक्कं?"

"पक्कं."

"किती हलला?"

"बॉल असताना हलते तेवढाच."

त्यांनी पटर बॅगेत ठेवला. खिशातून फोन काढला आणि त्यांच्याकडच्या तरुण सर्जनला लावला. "स्मिता, कल के मेरे सारे केस तुम कर लो. नहीं नहीं, तबीयत ठीक है. परसों के भी. आगे का बताता हूँ." फोन खिशात टाकला आणि मला म्हणाले, "चल. चंदू थांबलाय."

त्या दिवशी ते पूर्ण अठरा होल खेळले. चंदूभैया जावयाच्या बदलीबद्दल बोलत होते. डॉक्टरसाहेब मधून मधून "अच्छा" म्हणत होते, ठरल्या ठिकाणी.

त्यानंतर त्यांनी ऑपरेशन केलं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की ही कंपवाताची सुरुवात आहे. अगदी सुरुवात, औषधं चांगली आहेत, घाबरण्यासारखं काही नाही. कमलाकाकूंचं ऑपरेशन डॉ. स्मितांनी केलं, उत्तम झालं. काकू मात्र महिनाभर कुरकुरत होत्या की मोठ्या डॉक्टरांनी आपल्याला हात लावला नाही. त्यांचं समाधान करायला माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टरसाहेब मैदानावर यायचेही बंद झाले.

उन्हाळा लागला तशी सकाळची गर्दी नऊच्या आत ओसरायची. अशाच एका रविवारी मी बॉल गोळा करत होते, तर एक बाई गाडीतून उतरून थेट माझ्याकडे आल्या. सुती साडी, डोक्याला पदर, हातात पर्स.

"तुम्हीच अंजली?"

मी हो म्हटलं. त्या डॉक्टरसाहेबांच्या पत्नी होत्या, शैलावहिनी. माहेर अमरावतीचं. मी त्यांना सावलीतल्या बाकावर बसवलं.

"नागपूरचे डॉक्टर म्हणाले, औषधं सुरू करून, काळजी घेऊन, अजून काही महिने काम चाललं असतं," त्या म्हणाल्या. "निदान हळूहळू सुटलं असतं. यांनी ऐकलं नाही. म्हणाले, अंजलीने सांगितलं. तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही."

"मग काहून सांगितलं?"

"त्यांनी विचारलं होतं म्हणून."

त्यांनी पर्स मांडीवर ठेवली. "ओपीडीत दोन तास बसतात अन् घरी येतात. मग खिडकीपाशी बसून राहतात. माझ्याशी बोलत नाहीत, कोणाशीच नाही. तुमच्यासाठी हा खेळ आहे. त्यांचं सगळं ते थिएटर होतं हो."

मी पाण्याची बाटली पुढे केली. त्या प्यायल्या, बाटली नीट बंद करून बाकावर ठेवली आणि गेल्या.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मी चुकले असं मला वाटत नाही. पण त्या दिवशी वहिनी जे बोलल्या ते चुकीचं होतं, असंही वाटत नाही. आमच्या धंद्यात एक सोय असते. विद्यार्थ्याला चूक सांगितली की लगेच तिच्यावरचा उपायही सांगता येतो. कोपर आत घे, नजर खाली ठेव. इथे मी नुसतीच चूक दाखवून घरी आले होते.

पुढचं काम चंदूभैयांनी केलं, आणि त्याचा मला पत्ताही नव्हता. ते रोज संध्याकाळी दुकानातून निघून डॉक्टरांच्या घरी जाऊन बसत होते. नंतर मी विचारलं, तिथे काय करत होतात? तर म्हणाले, "कुछ नहीं दीदी. वो बोलते नहीं थे, तो मैं बोलता था. मेरे को तो आदत है. एक दिन बोले, चंदू, कल आओगे तो चप्पल नहीं, जूते पहन के आना, थोड़ा चलेंगे. बस, वहीं से शुरू हुआ."

पावसाळा संपता संपता चंदूभैयांनी मला फोन केला. मोठ्या मैदानावर नको, तिथे सगळे विचारत बसतील. टाउनशिपच्या मैदानावर या. मी स्कूटीने पोचले तेव्हा दोघं पहिल्या टीवर होते. डॉक्टरसाहेब बारीक झाले होते. चालताना उजवा हात हलत नव्हता, अंगाला चिकटून राहत होता. गाडी वहिनींनी चालवत आणली होती, हायवेवर ते आता चालवत नाहीत. वहिनी गाडीतच बसून होत्या. मी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली.

मी डॉक्टरसाहेबांना पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. पाय जास्त फाकवायचे, फटका अर्धाच घ्यायचा, घाई करायची नाही. दूर मारायची हौस त्यांना कधीच नव्हती, ते कामी आलं. पटिंगचं म्हणाल तर काही सकाळी ठीक जमतं, काही सकाळी अजिबात नाही, औषधाच्या वेळेवर असतं. चुकलेला प्रत्येक पट ते मोजतात आणि मोठ्याने सांगतात.

त्याच दिवशी तिसऱ्या होलवर चंदूभैया पुढे गेले तेव्हा डॉक्टरसाहेब म्हणाले, "शैला तुले बोलली म्हणे."

"हव."

"मी तिला सांगितलं. ठरवलं मी. तू फक्त दिसलं ते सांगितलंस." थोडं चालल्यावर पुढे म्हणाले, "त्याच्याआधी दोन महिने मी रोज सकाळी उठून पहिले हाताकडे बघत होतो. तू सांगितलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी उठलो अन् खिडकीबाहेर बघितलं. एवढं मात्र झालं."

मी त्यांच्या पुढच्या फटक्यासाठी कोणती काठी घ्यायची, ते सांगितलं.

दोन-तीन रविवार वहिनी गाडीतच बसल्या. मग ऊन लागतं म्हणून उतरल्या आणि झाडाखाली उभ्या राहिल्या. एकदा आमच्या मागून चालत आल्या, पर्स छातीशी धरून, काही न बोलता. त्याच्या पुढच्या रविवारी पायांत कॅनव्हासचे बूट होते.

"अंजलीताई, मले शिकवता का?"

मी त्यांच्याकडे बघितलं.

"घरी हे गप्पच असतात. इथे चालताना बोलतात. मागच्या खेपेस मी मोजून बघितलं, आठवड्यात बोलले नाहीत एवढं एका फेरीत बोलले. मग मी पण चालते म्हटलं. पण रिकाम्या हाताने किती चालायचं?"

मी त्यांना बायकांची हलकी काठी दिली. पकड दाखवली, खांदे धरून वळवून दाखवले. पहिले काही फटके हवेतच गेले. चंदूभैया दुसरीकडे बघायला लागले. वहिनींनी पदर कमरेला खोचला, ओठ आवळले आणि पुन्हा मारला. या वेळी बॉल लागला, चांगला खणखणीत लागला, आणि वाकडातिकडा उजवीकडे जाऊन कडेच्या कांस गवतात शिरला. पाऊस संपल्यावर ते गवत कमरेएवढं वाढतं, वर पांढरे तुरे येतात. तिथे गेलेला बॉल सहसा कोणी शोधत नाही.

"गेला वाटते," वहिनी म्हणाल्या.

"कुठे जातो? मी पाहिला," डॉक्टरसाहेब म्हणाले. "त्या दोन तुऱ्यांच्या मधे. चल, दाखवतो."

ते पुढे निघाले, लहान लहान पावलं टाकत. वहिनी मागून गेल्या. दोघं गवताच्या कडेला पोचले. त्यांनी काठीने तुरे बाजूला केले, वहिनी आत वाकल्या. तिथे नव्हता. ते काहीतरी म्हणाले, वहिनींनी पलीकडे बोट दाखवलं. ते मान हलवून पुन्हा काहीतरी म्हणाले. आवाज येत होता, शब्द कळत नव्हते.

खेळाच्या नियमात हरवलेला बॉल शोधायला अगदी थोडा वेळ असतो. नाही सापडला तर दुसरा घ्यायचा आणि पुढे व्हायचं. आमच्या मागे टीवर तरुण अधिकाऱ्यांचा एक ग्रुप येऊन थांबला होता, त्यातला एक घड्याळ बघत होता. चंदूभैयांनी खिशातून नवा बॉल काढला आणि हाक मारायला तोंड उघडलं. मी त्यांच्या दंडाला हात लावला. त्यांनी गवताकडे बघितलं, आणि बॉल परत खिशात टाकला.

मी मागच्या ग्रुपला हात करून सांगितलं, तुम्ही पुढे व्हा.